नावातला सिंह : रोजनिशीतील काही पाने

७ जुलै, सोमवार

हेरोडोटसचा सातवा भाग पुन्हा वाचायला घेतला. थर्मोपिलीच्या खिंडीतला लिओनिडास सगळ्यांना ठाऊक असतो, त्याच्या आजोबांची आठवण मात्र कुणी काढत नाही. आजोबांचं नाव लेओन, म्हणजे सरळ सरळ सिंह. नातवाचं नाव त्यावरूनच आलं, ‘लेओनच्या कुळातला’ अशा अर्थानं. या आजोबांच्या कारकिर्दीत स्पार्टानं सगळी युद्धं जिंकली, पण शेजारच्या तेगियापुढे दर वेळी हात टेकले, असं हेरोडोटस पहिल्या भागात सांगून ठेवतो. तेगिया म्हणजे काही पर्शियन साम्राज्य नव्हे. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढं गाव.

नातू राजा होईल असंही कुणाच्या मनात नव्हतं. दोन थोरले भाऊ होते. एक परदेशी मेला, दुसरा निपुत्रिक गेला, म्हणून गादी याच्याकडे आली. आणि इ. स. पू. ४८० मध्ये हा त्या खिंडीत जाऊन उभा राहिला. डेल्फीची वाणी आधीच झालेली होती: स्पार्टा तरी पडेल, नाहीतर हेराक्लिसच्या वंशातला राजा तरी. चालून येणाऱ्याला बैलांचं किंवा सिंहांचं बळही थोपवू शकणार नाही, असंही त्या वाणीत होतं. हे ‘सिंहांचं’ मुद्दाम घातलेलं असणार. पुजाऱ्यांना माणसाचं नाव ठाऊक होतं, किंवा वाणी घटना घडून गेल्यावर रचली गेली. दुसरं जास्त शक्य वाटतं.

लिओनिडास पडल्यावर पर्शियन सम्राट झर्क्सिसनं त्याचं मस्तक तोडून खांबावर लावलं. ग्रीकांनी पुढे त्या टेकडीवर दगडी सिंह बसवला. हेरोडोटस लिहितो तेव्हा तो तिथं उभा होता. म्हणजे नावाचा अर्थ शेवटी शिल्पकारानं लावला. ज्याचं नाव होतं त्याला त्यात काही म्हणायची सोय उरली नव्हती.

९ जुलै, बुधवार

ही नावं देणाऱ्यांनी सिंह पाहिलेला असे का, हा प्रश्न रात्री मनात आला. पाहिलेला असे. झर्क्सिसची फौज मॅसिडोनियातून जाताना सिंह रात्री डोंगरातून उतरायचे आणि फक्त उंटांवर झडप घालायचे, माणसांना किंवा घोड्यांना शिवायचे नाहीत. हेरोडोटसला याचं नवल वाटतं, कारण त्या सिंहांनी उंट आधी कधी पाहिलेलाच नव्हता. नेस्टस आणि अकेलोअस या दोन नद्यांच्या मधल्या मुलखात सिंह आहेत, बाकी युरोपात नाहीत, अशी हद्दही तो आखून देतो. टिरिन्सच्या उत्खननात सिंहांची हाडं निघालेली आहेत. मायसिनीच्या वेशीवरचे दोन सिंह तर या सगळ्यांच्या आधीचे, इ. स. पू. तेराव्या शतकातले. तेव्हा ग्रीकांचा सिंह आपल्या दिवाणखान्यातल्या तसबिरीतला नव्हता. रात्री गोठ्यात येणारा होता.

१३ जुलै, रविवार

राजांपेक्षा साध्या माणसांच्या हकिकती जास्त धरून ठेवतात.

सॅलमिसचा लेओन. इ. स. पू. ४०४, अथेन्सवर तीस जणांची जुलमी सत्ता. त्यांनी पाच नागरिकांना बोलावून हुकूम दिला की सॅलमिसला जा आणि लेओनला घेऊन या, त्याला मारायचं आहे. या पाचांत सॉक्रेटिस होता. चौघं गेले आणि लेओनला घेऊन आले. सॉक्रेटिस घरी गेला. पाच वर्षांनी स्वतःवरच्या खटल्यात त्यानं ही गोष्ट सांगितली, आणि ती सत्ता लवकर कोसळली नसती तर आपलाही जीव गेला असता असं जोडलं. लेओनबद्दल आपल्याला जवळजवळ एवढंच माहीत आहे की त्याला घरातून नेलं गेलं आणि मारलं. इतका गरीब सिंह इतिहासात दुसरा नसेल. तरी सॉक्रेटिसच्या चरित्रातलं त्याचं पान कुणाला वगळता येत नाही.

लेआइना. अर्थ सिंहीण. अथेन्सची गणिका, हार्मोडियस आणि अरिस्टोगेइटन या दोघांची मैत्रीण. इ. स. पू. ५१४ मध्ये त्या दोघांनी जुलमी हिप्पियसच्या भावाला मारलं. कटात आणखी कोण होतं हे काढून घेण्यासाठी हिप्पियसनं लेआइनाचे हाल हाल केले. ती बोलली नाही आणि मेली. जुलूमशाही संपल्यावर तिचा गौरव करायचा तर अथेन्सकरांपुढे पेच उभा राहिला, कारण अक्रोपोलिसवर गणिकेचा पुतळा कसा बसवायचा? प्लिनी सांगतो की त्यांनी नावाचा आडोसा घेतला. सिंहीण घडवून घेतली, ब्राँझची, आणि कलावंताला बजावलं की जीभ करू नकोस. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, ज्यांना चारचौघांत लाज वाटते त्यांनी नुसतं जनावर पाहावं.

ही युक्ती हुशार आहे, हे खरं. मला ती तितकीच भित्रीही वाटते. शहरासाठी बाई मेली आणि शहराला तिचा चेहरा चालला नाही.

लेओन्टिऑन ही तिसरी, ‘छोटी सिंहीण’ अशा लाडक्या रूपाची. एपिक्युरसच्या बागेत बसून तत्त्वज्ञान शिकणारी. तिनं थिओफ्रास्टसच्या, म्हणजे अरिस्टॉटलच्या गादीवर बसलेल्या पंडिताच्या, खंडनात ग्रंथ लिहिला. दोनशे-अडीचशे वर्षांनी सिसेरो तिच्यावर जळफळतो: एका क्षुल्लक वेश्येची ही हिंमत! आणि त्याच वाक्यात कबूल करतो की भाषा मात्र छान, अस्सल अथेन्सची आहे. ग्रंथ हरवला. सिसेरोच्या रागामुळे बाईंचं नाव टिकलं.

१९ जुलै, शनिवार

आज पँटालेऑन. ‘सर्व बाजूंनी सिंह’ असं काहीसं हे भरदार नाव. त्याचा प्रवास इतका चमत्कारिक झाला आहे की एका बैठकीत मांडणं कठीण.

पहिला आपल्याच बाजूचा. इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला बॅक्ट्रिया आणि हिंदुकुशाच्या परिसरात राज्य केलेला यवन राजा पँटालेऑन. त्याची तांब्याची चौकोनी नाणी आहेत, भारतीय घडणीची. एका बाजूला हातात फूल घेतलेली स्त्रीदेवता आणि ब्राह्मी अक्षरं, दुसऱ्या बाजूला ग्रीक लेख आणि आयाळ नसलेला सिंह. ब्राह्मीत त्याचं नाव ‘पंतलेव’ असं उतरलं आहे. कुठल्याही ग्रीक राजानं नाण्यावर ब्राह्मी कोरून घ्यावी ही नवलाचीच गोष्ट होती. ती करणाऱ्या पहिल्या दोघांत हा एक, दुसरा अगाथोक्लिस. ते जनावर सिंह की चित्ता यावर नाणेतज्ज्ञ भांडतात. मला सिंहच हवा आहे, हे उघड आहे.

दुसरा निकोमीडियाचा वैद्य. फी न घेता औषध देई. चौथ्या शतकाच्या आरंभी डायोक्लिशियनच्या छळात ख्रिस्ती म्हणून मारला गेला. कथा अशी की मरताना त्यानं मारेकऱ्यांसाठी क्षमा मागितली, तेव्हा आकाशवाणी झाली आणि त्याचं नाव बदललं: पँटालेऑनऐवजी पँटेलेइमॉन, सर्वांवर दया करणारा. सिंहाची रजा झाली. पूर्वेकडच्या चर्चमध्ये तो याच नावानं पुजला जातो.

पश्चिमेत मात्र जुनंच नाव चाललं. व्हेनिसमध्ये हा संत इतका लाडका की तिथल्या माणसाला चिडवायचं तर पँटालोने म्हणायचं. मग इटलीतल्या हसऱ्या नाटकांत पँटालोने नावाचा कंजूष, म्हातारा, बायकांमागे लागणारा व्यापारी आला. त्याच्या अंगात तंग लाल विजार असे. विजारीला त्याचं नाव पडलं, फ्रेंचांनी ते उचललं, इंग्रजांनी ‘पँटलून’ केलं, पुढे तोडून ‘पँट’ केलं. आपल्याकडे शिंपी आजही पँटचं माप घेतो.

हे जेवताना सांगितलं. घरातून उत्तर आलं, “अहो, मग दोरीवरचे दोन सिंह आत घ्या, पाऊस येतोय.”

२५ जुलै, शुक्रवार

इजिप्तकडे वळलो, कारण तिथं सगळी गोष्ट उलटी होते.

टॉलेमी या नावात युद्ध आहे. क्लिओपात्रा या नावात पित्याची कीर्ती आहे. सिंहाचा दोन्हींशी संबंध नाही. तरीही दोघांच्या नावांत सिंह बसलेला आहे, अगदी डोळ्यांना दिसेल असा. इजिप्तच्या चित्रलिपीत ‘ल’साठी वेगळं चिन्ह रूढ नव्हतं, कारण तिथल्या जुन्या भाषेला त्याची गरज पडली नव्हती. परके मॅसिडोनियन राजे आले, त्यांच्या नावांत ‘ल’ आले. पुजाऱ्यांनी पुढचे पाय पसरून बसलेल्या सिंहाचं चिन्ह त्या कामाला जुंपलं.

आणि याच सिंहानं पुढे ही लिपी वाचण्याचं दार उघडलं. फिलेच्या बेटावरचा एक स्तंभ बँक्स नावाच्या इंग्रज गृहस्थानं इंग्लंडला नेला. त्यावर टॉलेमी आणि क्लिओपात्रा ही दोन्ही नावं लंबगोल चौकटींत होती. फ्रेंच अभ्यासक शाँपोलियोंनं ती शेजारी शेजारी ठेवली. टॉलेमीच्या नावात सिंह चौथ्या जागी, क्लिओपात्रात दुसऱ्या जागी, म्हणजे जिथं ग्रीकात ‘ल’ येतो नेमका तिथंच. ‘प’ आणि ‘ओ’ही जुळले. २७ सप्टेंबर १८२२ ला त्यानं आपला शोध पॅरिसच्या विद्वानांपुढे ठेवला.

अलेक्झांडरच्या नावातही तोच सिंह आहे. लक्सोरच्या मंदिरात नौकेचं देवघर त्याच्या नावानं पुन्हा बांधलं, तिथं भिंतीवर त्याची चौकट आहे. गंमत म्हणजे प्लुटार्क सांगतो की अलेक्झांडरच्या जन्माआधी बाप फिलिपनं स्वप्न पाहिलं: बायकोच्या उदरावर तो मोहोर उमटवतो आहे आणि मोहरेवर सिंह आहे. बाकीच्या ज्योतिषांनी नाकं मुरडली, राणीवर लक्ष ठेवा म्हणाले. अरिस्टँडर म्हणाला, रिकाम्या भांड्याला कुणी मोहोर लावत नाही. बाई गरोदर आहे, मुलगा सिंहासारखा होईल. पेरिक्लिसच्या आईलाही असंच सिंहाचं स्वप्न पडलं होतं. मोठ्या माणसांच्या आईबापांना ग्रीसमध्ये सिंहाशिवाय दुसरं काही दिसायचं नाही, असं दिसतं.

२ ऑगस्ट, शनिवार

इजिप्तच्या फेरोंना मुळात सिंह नावात घ्यायची फारशी गरज नव्हती. ते सिंह मारायचे. तिसऱ्या आमेनहोतेपनं पहिल्या दहा वर्षांत स्वतःच्या बाणांनी १०२ सिंह मारले, आणि ही बातमी भुंग्याच्या आकाराच्या दगडी ताइतांवर कोरून राज्यभर वाटली. असे शंभराहून जास्त भुंगे आज निरनिराळ्या संग्रहालयांत आहेत. याच राजानं सिंहमुखी सेखमेत देवीचे शेकडो पुतळे उभे केले. मारायचं आणि पुजायचं, दोन्ही एकाच हातानं.

दुसऱ्या रामसेसच्या रथाबरोबर पाळीव सिंह चाले. इ. स. पू. १२७४ च्या कादेशच्या लढाईतल्या छावणीच्या चित्रांत तो बसलेला दिसतो. इथं माणसाला सिंहाचं नाव देण्याऐवजी सिंहालाच नाव होतं: ‘आपल्या शत्रूंना ठार करणारा’. छावणीत मात्र तो निवांत पहुडला आहे.

लिओन्टोपोलिस, सिंहपूर, हे नाव ग्रीकांनी दिलं. त्रिभुज प्रदेशात अशी दोन गावं होती, म्हणून वाचताना घोटाळा होतो. एकात मिहोस या सिंहदेवाची पूजा चाले. एलियन लिहितो की तिथल्या मंदिरात जिवंत सिंह ठेवलेले असत आणि त्यांचं जेवण चालू असताना लोक गाणी म्हणत. दुसऱ्या लिओन्टोपोलिसजवळ ओनियस या परागंदा यहुदी पुरोहितानं जेरुसलेमच्या धर्तीवर मंदिर बांधलं. रोमनांनी इ. स. ७० नंतर थोड्याच वर्षांत ते बंद केलं.

आजचा सर्वांत खुमासदार भाग पिमाई आणि पामी यांचा. तिसरा शोशेंक या फेरोला पिमाई नावाचा मुलगा होता. नावाचा अर्थ सिंह. पुढे याच बाविसाव्या घराण्यात पामी नावाचा फेरो होऊन गेला. अभ्यासकांनी बराच काळ दोघांना एकच धरलं आणि राजपुत्र सिंह गादीवर बसला असं लिहिलं. मग कुणीतरी अक्षरं नीट पाहिली. दोन नावं वेगळी लिहिली जात होती. पामी म्हणजे मांजर. बुबास्टिसच्या मार्जारदेवीला मानणाऱ्या घराण्यात हे नाव आदराचंच. पण इतकी वर्षं सिंह म्हणून मिरवल्यावर एका फेरोचं मांजर व्हावं, हे वाचून हसू आवरलं नाही.

६ ऑगस्ट, बुधवार

कार्ल्याला जाऊन आलो. श्रावणातला मधला वार, तरी एकवीरा आईच्या पायऱ्यांवर गर्दी होती. कोळीवाड्यांतून आलेली कुटुंबं, डोक्यावर टोपल्या, कपाळभर भंडारा. पायऱ्या निसरड्या, दोन्ही बाजूंना पेढे, नारळ, खेळणी. लेणं देवळाला अगदी खेटून आहे. बहुतेक लोक दर्शन घेऊन मागे फिरतात.

चैत्यगृहाच्या दारात डावीकडे सिंहस्तंभ. माथ्यावर पाठीला पाठ लावून चार सिंह. त्यावरचा लेख प्राकृतात आहे: महारठी गोतिपुत्र अगिमित्रणक यानं हा ‘सिहथभ’ दान केला. आत गेल्यावर दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा आणि अनेक खांबांवर दात्यांची नावं. त्यांत धेनुकाकट गावचे यवन बरेच आहेत. यसवधन आहे, धम्म आहे. आणि एक सिहधय. नावाच्या सुरुवातीलाच सिंह, तोही ग्रीक न राहता आपल्या भाषेतला. अंधारात हे अक्षर मला नीट लागलं नाही. खांब कुठला हे तिथल्या पहारेकऱ्यानं दाखवलं. “बरेच जण विचारतात का?” म्हटलं, तर म्हणाला, “लोक शिवाजी महाराजांचं काही आहे का विचारतात. हे कोणी नाही.”

इ. स. च्या पहिल्या-दुसऱ्या शतकात पश्चिम किनाऱ्यावरून ग्रीक बोलणाऱ्यांचा व्यापार जोरात होता. त्या काळातला एक यवन बौद्ध लेण्याला खांब देतो आणि स्वतःचं नाव सिह म्हणून लिहवून घेतो. राजा पंतलेवनं नाण्यावर आपलं ग्रीक नाव ब्राह्मी अक्षरांत मोडूनतोडून बसवलं होतं. या व्यापाऱ्यानं नाव पुरतं इथलंच घेतलं. कार्ल्याच्या त्या खांबाशी उभं राहून मला हा दुसरा अधिक ऐटदार वाटला.

उतरताना पावसानं गाठलं. पुढचे दोन दिवस गुडघे बोलणार.

१० ऑगस्ट, रविवार

बायझंटाइन सम्राटांपाशी पोचलो. इथं सिंह फार आहेत: पाचव्या शतकापासून दहाव्यापर्यंत लिओ नावाचे सहा, शिवाय लिओन्टियस. पहिल्या लिओनं इ. स. ४७१ मध्ये आपल्याला गादीवर बसवणाऱ्या सेनापती आस्परलाच मारून टाकलं. लोकांनी त्याला खाटीक म्हटलं. दुसरा लिओ त्याचा नातू. सात वर्षांचा, वर्ष संपायच्या आत मेला.

लिओन्टियसची गोष्ट सावकाश वाचावी अशी. इ. स. ६९५ मध्ये या सेनापतीनं दुसऱ्या जस्टिनियनला पदच्युत केलं, त्याचं नाक कापलं आणि काळ्या समुद्रापलीकडे खेर्सोनला पाठवलं. नकटा माणूस सम्राट होऊ शकत नाही हा संकेत. तीन वर्षांनी अप्सिमार नावाच्या आरमारी अधिकाऱ्यानं लिओन्टियसचंही नाक कापून गादी घेतली. ७०५ मध्ये जस्टिनियन बल्गारांची मदत घेऊन परत आला. पाण्याच्या मोठ्या नळातून रात्री शहरात शिरला आणि नाक नसतानाही सम्राट झाला.

पुढचा प्रसंग शर्यतींच्या मैदानात. दोघा माजी सम्राटांना साखळ्या घालून आणलं. जस्टिनियन राजासनावर बसला, त्यांना पायांपाशी आडवं पाडलं, एकेका मानेवर एकेक पाय ठेवला आणि पहिली शर्यत संपेपर्यंत तसाच बसून राहिला. प्रेक्षकांतून घोष उठला. नाग आणि सिंह यांना तू पायदळी तुडवशील, असं जिथं म्हटलं आहे ते स्तोत्र. अप्सिमारच्या नावात ग्रीक कानाला नाग ऐकू येत होता, लिओन्टियसमध्ये सिंह. बायबलमधलं वचन सगळ्यांना तोंडपाठ, दोन नावं समोर, आणि मैदानभर माणसं. हे आधी शिकवून ठेवलं होतं की उत्स्फूर्त होतं, यावर वाद घालता येईल. मला वाटतं, कॉन्स्टँटिनोपलच्या लोकांना असल्या शब्दखेळासाठी शिकवणीची गरज नव्हती.

सिंहाचं नाव घेणाऱ्यानं ते एका हिशेबानं घेतलेलं असतं. ते वाचायचा हक्क मात्र सगळ्या गावाला मिळतो. थर्मोपिलीच्या टेकडीवर, अक्रोपोलिसवर आणि इथं, तीनही ठिकाणी हेच झालं. शर्यतीनंतर दोघांना किनेगिऑनमध्ये नेऊन मस्तकं उडवली. तिथं पूर्वी लोकांना श्वापदांच्या शिकारी दाखवत असत.

१२ ऑगस्ट, मंगळवार

तिसरा लिओ. सीरियाच्या सीमेवरच्या गेर्मानिकीयात, आजच्या मराशमध्ये, जन्मलेला. मूळ नाव कोनोन. जस्टिनियन परत येत असताना यानं वाटेत ५०० मेंढ्या भेट देऊन त्याची मर्जी मिळवली, अशी बखर. पुढे ७१७ च्या मार्चमध्ये सम्राट झाला तो लिओ म्हणून. उन्हाळ्यात अरबांनी शहराला वेढा घातला, तो वर्षभर चालला. पाण्यावर पेटणारं द्रव्य, कडाक्याची थंडी आणि बल्गारांचे हल्ले या तिघांनी तो मोडला. कोनोननं हेच केलं असतं तर? केलं असतंच. पण तांब्याच्या नाण्यावर ‘लिओ’ शोभतं.

नंतर त्यानं चित्रपूजा मोडायला घेतली. चित्रं पुजणाऱ्या भिक्षूंनी त्याच्या मुलाला, पाचव्या कॉन्स्टंटाइनला, जे घाणेरडं टोपणनाव दिलं ते आजही इतिहासाच्या पुस्तकांत आहे.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

पाचवा लिओ, आर्मेनियन, ८१३ ते ८२०. नावांचं राजकारण याच्याइतकं उघडपणे कुणी केलं नाही. मुलाचं नाव होतं सिंबाटिओस. सहसम्राट म्हणून अभिषेक करताना त्याचं नाव कॉन्स्टंटाइन करून टाकलं. का, तर शंभर वर्षांपूर्वी लिओ आणि कॉन्स्टंटाइन या बापलेकांनी लढाया जिंकल्या होत्या, आणि बल्गारांपुढे हरत चाललेल्या सैनिकांना त्या दोन नावांचा जयजयकार पुन्हा करता यावा. चित्रपूजेवरची बंदीसुद्धा त्यानं याच हिशेबानं परत आणली: ते सम्राट जिंकत होते, तर त्यांच्यासारखंच करू.

विरोधकांनी त्याला वेगळं नाव दिलं: खामाइलेऑन. रंग बदलणारा सरडा. ग्रीकात त्या शब्दाचा अर्थ ‘जमिनीवरचा सिंह’ होतो, म्हणून शिवी दोन्हीकडून बसते.

आणि मग ते चित्र. राजग्रंथालयातल्या भविष्याच्या एका पोथीत सिंहाचं चित्र होतं म्हणतात. पाठीपासून पोटापर्यंत ‘खी’ हे अक्षर, म्हणजे फुलीची खूण, आणि मागून एक माणूस त्या फुलीतून भाला खुपसतो आहे. एका अधिकाऱ्यानं अर्थ सांगितला: लिओ नावाचा सम्राट ख्रिस्तजन्माच्या दिवशी मरेल, कारण ख्रिस्ताचं अक्षर ‘खी’. असली चित्रं घटनेनंतर सापडतात हा माझा अनुभव आहे, निदान वाचनातला.

घटना अशी. ८२० च्या नाताळाच्या आदल्या दिवशी लिओनं जुना मित्र मायकेल याला फितुरीबद्दल जिवंत जाळायची शिक्षा दिली. राणी थिओडोसिया म्हणाली, सणाच्या दिवशी हे नको. शिक्षा लांबली. पहाटे मारेकरी गायक म्हणून राजवाड्याच्या चॅपेलमध्ये शिरले. थंडीमुळे सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या होत्या, त्यामुळे त्यांनी आधी पुरोहितालाच सम्राट समजून धरलं. त्यानं टोपी काढून टक्कल दाखवलं आणि जीव वाचवला. लिओ वेदीपाशी जाऊन क्रूस हातात घेऊन लढला. क्रूस धरलेला हात तुटला, मग मस्तक. मायकेलला अंधारकोठडीतून आणलं तेव्हा बेड्यांची किल्ली सापडेना, कारण ती लिओनं स्वतःच्या अंगावर ठेवली होती. नव्या सम्राटानं पहिल्या घटका पायांत बेड्या घालूनच राज्य केलं.

१७ ऑगस्ट, रविवार

पंचांगात आज सिंह संक्रांत. वराहमिहिरानं सहाव्या शतकात राशींची यवनी नावंही नोंदवून ठेवली आहेत: मेष ती क्रिय, वृषभ ती तावुरि, आणि सिंह तो लेय. हा लेय म्हणजे तोच लेओन, संस्कृताची मुंज झालेला. शेजारच्या ज्योतिष पाहणाऱ्या काकांना सांगितलं. ते म्हणाले, “असेल. पण रवी तिथं स्वगृहीच.”

२२ ऑगस्ट, शुक्रवार

सहावा लिओ, ज्याला लोक ज्ञानी म्हणत. ८८६ ते ९१२. कायद्यांचं मोठं संकलन पुरं केलं, युद्धशास्त्रावर ग्रंथ लिहिला, प्रवचनं लिहिली. तिसऱ्या लग्नाला कायद्यानं नाक मुरडलं आणि स्वतः चार लग्नं केली, कारण मुलगा होत नव्हता. चौथीपासून, काळ्या डोळ्यांच्या झोईपासून, ९०५ मध्ये मुलगा झाला. धर्मगुरूनं ९०६ च्या नाताळला सम्राटाला आया सोफियाच्या मुख्य दारातून आत येऊ दिलं नाही. त्याच दारावर एक कुट्टिमचित्र आहे, त्यात एक सम्राट ख्रिस्तापुढे लोटांगण घालतो आहे. तो हाच लिओ असं बहुतेक जण मानतात.

या ज्ञानी सिंहाला सर्वांत मोठा तडाखा दिला तो वेगळ्याच एका लिओनं. त्रिपोलीचा लिओ जन्मानं बायझंटाइन प्रजाजन, अटालियाच्या बाजूचा. कैद झाला, मुसलमान झाला, अरब आरमाराचा सेनानी झाला. ९०४ च्या जुलैअखेर ५४ जहाजं घेऊन साम्राज्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या शहरावर, थेस्सलोनिकीवर, आला. तीन दिवसांत शहर पडलं. वेढ्यात सापडलेला कामिनिआतिस नावाचा पाद्री २२,००० कैद्यांचा आकडा देतो. अरब लेखक त्याला गुलाम झुराफा म्हणतात, लिओ म्हणत नाहीत. ते नाव त्याला ग्रीकांच्याच पोथ्यांत चिकटून राहिलं.

९१२ नंतर लिओ नावाचा सम्राट झाला नाही. लिओ फोकास नावाच्या सेनापतीनं ९१९ मध्ये प्रयत्न केला, त्याचे डोळे काढले गेले.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. वाचन नाही.

३ सप्टेंबर, बुधवार

गौरी काल गेल्या. आज टेबल मोकळं.

सगळ्या लिओंत मला आवडणारा एकच, गणिती लिओ. नवव्या शतकातला. सिलिशियाच्या घाटाजवळच्या लूलोन किल्ल्यापासून राजधानीपर्यंत त्यानं डोंगरांवर आगीच्या खुणांची नऊ ठाणी जोडली. दोन्ही टोकांना एकाच चालीची दोन घड्याळं. आग कोणत्या घटकेला पेटली त्यावरून बातमी काय ते कळे: अमुक तासाला पेटली तर अरबांची स्वारी, तमुक तासाला पेटली तर दुसरं काही. पुढे तिसऱ्या मायकेलनं राजधानीजवळची ठाणी बंद करवली, कारण शर्यती चालू असताना स्वारीची बातमी आली तर प्रेक्षकांचा रस जातो.

लिओच्या एका विद्यार्थ्याला अरबांनी कैद करून बगदादला नेलं. तिथं त्यानं भूमितीचे सिद्धांत नुसते न सांगता ते तसे का हेही सांगितलं, तेव्हा खलिफा अल् मामूननं विचारलं, तुला शिकवलं कोणी? मग त्यानं लिओला बोलावणं धाडलं. सम्राट थिओफिलसनं त्याला जाऊ दिलं नाही, पण तोपर्यंत घरात बसून खासगी शिकवण्या घेणाऱ्या या माणसाला राजधानीत जाहीर शिकवायला जागा आणि पगार दिला. परक्यानं किंमत केल्यावर आपल्याला किंमत कळते, हे कॉन्स्टँटिनोपललाही लागू होतं.

थिओफिलसच्या दरबारातल्या यांत्रिक चमत्कारांशीही काही इतिहासकार लिओचं नाव जोडतात. त्यांतलं यांत्रिक सिंहासन पुढे १०० वर्षांनंतरही चालू होतं. ९४९ मध्ये इटलीहून लिउटप्रांड नावाचा वकील आला, तेव्हा गादीवर चार लग्नांच्या त्या लिओचा मुलगा कॉन्स्टंटाइन बसला होता. समोर सोन्याचा मुलामा दिलेलं ब्राँझचं झाड, त्यावर निरनिराळ्या आवाजांत ओरडणारे पक्षी. सिंहासनाच्या दोन्ही अंगांना मुलाम्याचे सिंह. वकील आत येताच सिंहांनी शेपट्या जमिनीवर आपटल्या, जबडे उघडले, जिभा हलवल्या आणि गर्जना केली. लिउटप्रांड लिहितो की आपण घाबरलो नाही, कारण या सगळ्याची चौकशी जाणकारांकडे आधीच करून ठेवली होती. तीन वेळा लोटांगण घालून वर पाहिलं तर सम्राट सिंहासनासकट छताजवळ गेलेला, आणि अंगावर वेगळाच पोशाख. याची चौकशी मात्र त्यानं केलेली नव्हती. द्राक्षं पिळायच्या यंत्रासारखं काहीतरी असावं, असं लिहून तो पुढच्या मजकुराकडे वळतो.